तापली की बंद, निवली की चालू: जुन्या बुलेटचा कंडेन्सर बाहेर काढा

लक्षण नेहमी एकच असतं. सकाळी गाडी एक-दोन किकला सुरू होते, आयडलिंग छान धरते, पहिले वीस-पंचवीस किलोमीटर काही तक्रार नाही. मग खंबाटकीसारखा चढ लागतो किंवा शहरात सिग्नलला अडकायला होतं. गाडी आधी मिसिंग करते, सायलेन्सरमधून एखादा-दुसरा फटाका फोडते आणि मरते. किक मारून मारून पोटरी भरून येते, पण गाडी दाद देत नाही. बाजूला लावून चहा प्या, अर्ध्या तासाने येऊन किक मारा, लगेच सुरू. पुढे पुन्हा तेच, फक्त या वेळी आधीपेक्षा कमी अंतरावर.

मी बोलतोय ते पॉइंटवाल्या, कास्ट आयर्न इंजिनच्या 350 स्टँडर्ड बुलेटबद्दल. पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट तोडणारा छोटा स्विच, कॉइल म्हणजे त्या तुटण्यातून प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी, आणि कंडेन्सर म्हणजे त्या क्षणी करंटला वळायला जागा देणारा, पॉइंटला जोडलेला भाग. 70 बाय 90 चा बोर-स्ट्रोक, बहुतेकींना गिअर उजवीकडे, हेडलाइटच्या वर करंट दाखवणारा अ‍ॅमीटर. हे इंजिन 2010 च्या सुमारास बंद झालं, म्हणजे यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पंधरा वर्षांच्या पुढे गेली आहे. बुलेट इलेक्ट्रावाल्यांना पॉइंट नाहीत, त्यांनी कंडेन्सरचा भाग सोडून पेट्रोल आणि टॅपेटचं तेवढं वाचावं.

ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की काय होतं ते बहुतेकांना पाठ असेल. मिस्त्री प्लग बदलतो. मग कार्ब्युरेटर खोलून साफ करतो. मग कंडेन्सर टाकतो, त्यावर गाडी पंधरा दिवस गुणी बाळासारखी चालते, आणि पुन्हा एखाद्या घाटात मरते. मग कॉइल. मग "हाफ इंजिन करून घ्या साहेब", म्हणजे वरचं अर्धं इंजिन खोलायचा, सल्ला. यात मिस्त्रीचा फारसा दोष नाही. गाडी त्याच्या दारात पोचते तेव्हा ती निवलेली असते आणि निवलेल्या गाडीत दोष सापडतच नाही. पुरावा फक्त त्या मेलेल्या वीस मिनिटांत असतो, आणि त्या वेळी गाडीजवळ तुम्ही असता, मिस्त्री नसतो.

म्हणून पहिली गोष्ट: अंदाजाने पार्ट बदलणं थांबवा. गाडी जिथे मरते तिथेच, ती तापलेली असताना, बघायचं ते बघून घ्या. त्यासाठी टूलबॉक्समध्ये प्लगचा पाना, एक चांगला चालणारा जुना प्लग, बारीक स्क्रू ड्रायव्हर, पकड आणि हातभर वायर एवढं पुरे.

मेलेल्या गाडीजवळ

सगळ्यात आधी किक हाताने दाबून बघा. नेहमीसारखी खाली गेली तर पुढे वाचा. अडकत, घासत जात असेल किंवा हलतच नसेल तर इंजिन पकडलंय. नव्याने बोर केलेल्या गाडीत हे फार होतं, कारण लोखंडी सिलिंडरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन जास्त फुगतो आणि रनिंग (सुरुवातीला हळू चालवून पिस्टन बसवणं) नीट झालेलं नसेल तर मधलं अंतर संपतं. अशी गाडीसुद्धा निवल्यावर सुरू होते, त्यामुळे लोक करंटच्या मागे लागतात. पकडलेल्या इंजिनला जोर लावून किक मारू नका, पूर्ण निवू द्या आणि रिंगा-पिस्टन बघायचं ठरवूनच घरी या.

किक ठीक असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. उघडताना हवा आत ओढल्यासारखा 'फुस्स' आवाज आला आणि नंतर दोन किकमध्ये गाडी सुरू झाली, तर दोष तिथेच आहे. टाकीतून पेट्रोल खाली जायला वरून तेवढीच हवा आत यावी लागते. ती यायचं भोक झाकणात असतं. टाकी रंगवताना ते बुजतं, किंवा कुणी बाजारचं चावीवालं क्रोमचं झाकण बसवलेलं असतं आणि त्याला भोक असून नसल्यासारखं असतं. बारीक तारेने मोकळं करा. फुकटात सुटणारा हा सगळ्यात सोपा प्रकार आहे, म्हणून आधी.

आता अ‍ॅमीटर. बुलेट हातात आल्यावर बऱ्याच जणांना हा काटा शोभेचा वाटतो, पण रस्त्यात मीटर नसताना हाच तुमचा मीटर आहे. लाइट बंद ठेवा, चावी चालू करा, डिकंप्रेसर (छोटा व्हॉल्व्ह उघडून किक हलकी करणारा लिव्हर) दाबून किक अगदी हळू, हाताने फिरवल्यासारखी खाली न्या आणि काट्याकडे बघा. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो आणि काटा उणे बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. झुकणं आणि परतणं, दोन्ही दिसलं पाहिजे.

काटा मुळीच हलला नाही तर करंट पॉइंटपर्यंत पोचतच नाही. फ्यूज, चावीचा स्विच, हेडलाइटच्या डोक्यातली सैल वायर, अ‍ॅमीटरच्याच मागचे नट, जळून काळे पडलेले पॉइंट, किंवा तापल्यावर आतून तुटणारी कॉइल. अ‍ॅमीटरच्या मागचे नट विशेष बघा, गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्यातून जातो आणि बुलेटच्या हादऱ्याने ते ढिले होतात.

काटा उणे बाजूला जाऊन तिथेच बसला, किक कितीही फिरवली तरी परत आला नाही, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे. पॉइंटचं गोल झाकण काढून बघा. पॉइंट उघडताना डोळ्यांना दिसत असतील आणि काटा तरी हलत नसेल, तर कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय हे जवळजवळ नक्की. त्याची वायर सोडवा. काटा लगेच हलायला लागला तर शंकाच उरली नाही.

काटा नेहमीसारखा नाचतोय आणि तरी गाडी सुरू होत नाही, हा तिसरा प्रकार आणि सगळ्यात जास्त आढळणारा. प्लग काढा, टोपीत घाला, प्लगची बॉडी सिलिंडरच्या फिन्सवर नीट टेकवा. प्लगच्या भोकापासून आणि कार्ब्युरेटरपासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीला तेवढं पुरतं. टोपी हाताने धरू नका, रबरी पकडीने धरा. किक मारा. निळी, जाड, 'चट्' आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे किंवा कंप्रेशनकडे वळा. पिवळट, बारीक, कधी पडते कधी नाही अशी ठिणगी असेल तर आधी दुसरा प्लग लावून बघा. तरी तशीच असेल तर किक मारताना पॉइंटकडे बघा. तिथे मोठी, पिवळसर ठिणगी उडत असेल तर जी ताकद प्लगला जायची ती पॉइंटवरच जळून जातेय. कंडेन्सर गेला.

खराब कंडेन्सर मीटरवर चांगला का दिसतो

कॉइलमधून वाहणारा करंट पॉइंट उघडल्यावर एकदम तुटला तरच दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. पण करंटला एकदम थांबायचं नसतं, तो उघडणाऱ्या पॉइंटमधल्या फटीतून उडी मारायला बघतो. त्या क्षणाला त्याला वळायला बाजूची जागा देणं एवढंच कंडेन्सरचं काम. त्या वेळी पॉइंटवरचा दाब बारा व्होल्ट नसतो, दोन-तीनशे व्होल्टपर्यंत चढतो. तुमचा मल्टिमीटर कंडेन्सर तपासतो तो जेमतेम काही व्होल्ट लावून, तोही टेबलावर, थंड असताना. मीटर 0.2 मायक्रोफॅरड दाखवेल, इन्सुलेशन ठीक दाखवेल, आणि तोच कंडेन्सर तापून तीनशे व्होल्टला फुटेल. मीटरने नापास केलेला कंडेन्सर नक्की खराब असतो. मीटरने पास केलेल्याबद्दल काहीच सांगता येत नाही. हेअर ड्रायरने गरम करून मोजलं तर थोडा जास्त भरवसा, पण खरी परीक्षा म्हणजे गाडी मेलेली असताना दुसरा चालू कंडेन्सर लावून बघणं.

आता या बिचाऱ्याची जागा बघा. पॉइंटचा डबा टायमिंग केसवर, सिलिंडरच्या मागे. खालून ऑइलची धग, पुढून लोखंडी सिलिंडरची, आणि वर बंद झाकण. आत ॲल्युमिनियमची पातळ पन्नी आणि कागद किंवा प्लास्टिकची गुंडाळी असते, तिला टोकाला एक वायर नुसती दाबून जोडलेली. ती रोज तापते, रोज निवते आणि वर बुलेटचा हादरा. जुने, चांगल्या प्रतीचे कंडेन्सर यात वर्षानुवर्षं टिकायचे. आज बाजारात जे मिळतं त्यातलं बरंचसं टिकत नाही, आणि 'परत परत' होण्यामागचं खरं कारण हेच आहे: खराब माल, त्याच तापत्या जागी, पुन्हा पुन्हा.

पुण्यात नाना पेठेत कंडेन्सर घ्यायला गेलात तर संवाद साधारण असा होतो.

"शेठ, ओरिजनल आहे ना?"

"शंभर टक्के. डबी बघा की."

"डबी बघितली. मीटर आणलाय, दोन-तीन काढा, मोजून घेतो."

"कंडेन्सर मोजून घेणारे तुम्ही पहिलेच."

मोजू द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. एकाच डबीतल्या कंडेन्सरमध्येही फार फरक निघतो. 0.18 ते 0.25 मायक्रोफॅरडच्या बाहेरचा घेऊ नका.

बाहेर काढायचा तो असा

कंडेन्सर पॉइंटच्या शेजारीच असला पाहिजे असा काही नियम नाही. विजेच्या हिशेबाने तो पॉइंटला समांतर जोडलेला असला की झालं: एक टोक पॉइंटकडे जाणाऱ्या वायरला, दुसरं बॉडीला. ती वायर कॉइलपर्यंत जातेच. म्हणजे कंडेन्सर कॉइलजवळ, वाऱ्यावर, थंड जागी बसवता येतो. जुन्या गाड्या ठेवणारे हे फार वर्षांपासून करत आले आहेत.

काय बसवायचं याचे दोन पर्याय. पहिला, पॉइंटवाल्या जुन्या मोटारीचा कंडेन्सर, ज्याला स्वतःची वायर आणि स्क्रूने कसायचा पत्र्याचा कान असतो. बसवायला सोपा, हादरा सहन करतो. दुसरा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर. 0.22 मायक्रोफॅरड, 630 व्होल्ट. अंगावर '224' आणि '630' छापलेलं असतं, 224 म्हणजेच 0.22. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो आणि किंमत चहा-वडापावच्या घरात. 400 व्होल्टचाही चालतो, त्याखालचा नको. उलट-सुलट टोकांची भानगड नाही. माझं मत विचाराल तर दुसराच घ्या, कारण जुन्या पद्धतीच्या नव्या कंडेन्सरवर माझा विश्वास उरलेला नाही. फक्त त्याचे पाय केसासारखे बारीक असतात आणि नुसता लटकवला तर बुलेट ते आठवड्यात तोडते. दोन्ही पायांना मऊ, अनेक तारांची वायर डाग देऊन जोडा, जोडावर स्लीव्ह चढवा आणि सगळं एखाद्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत ठेवून अ‍ॅराल्डाइटने भरून टाका. वायर डबीतून बाहेर येते तिथेही अ‍ॅराल्डाइट आलं पाहिजे, म्हणजे हादरा पायांपर्यंत पोचत नाही. बॉडीकडच्या वायरला बोल्टमध्ये बसणारा गोल थिंबळ (वायरीच्या टोकाला दाबलेलं धातूचं कडं), दुसरीला कॉइलच्या टर्मिनलला बसेल तो.

चावी बंद, बॅटरीची अर्थ वायर (बॉडीला जाणारी) सोडा. प्लगच्या जाड वायरचा माग काढत कॉइलपर्यंत या. कॉइलला दोन बारीक टर्मिनल असतात. एकावर चावीतून करंट येतो, दुसऱ्यावरून वायर पॉइंटला जाते. रंगांवर जाऊ नका, या वयाच्या गाडीत वायरिंग किमान एकदा कुणीतरी बदललेलं असतं. दोन्ही वायरी काढा, बॅटरी तात्पुरती जोडा, चावी चालू करून बारा व्होल्टचा बल्ब एकेका वायरीला आणि बॉडीला लावून बघा. पेटला ती चावीची. दुसरी पॉइंटची, आपल्याला तीच हवी. नवा कंडेन्सर त्या दुसऱ्या टर्मिनलवर, पॉइंटच्या वायरीबरोबर. चुकून चावीच्या बाजूला लावलात तर गाडी कंडेन्सर नसल्यासारखीच वागेल आणि पॉइंट दोन दिवसांत जळतील. दुसरं टोक कॉइलच्या बोल्टखाली, पण तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून, धातू चकाकेपर्यंत. रंगावर घेतलेली अर्थ ही अर्थच नाही.

आता आतला जुना कंडेन्सर सोडवायचा. तो नुसता तसाच ठेवून बाहेर दुसरा लावला तर दोघांची क्षमता बेरीज होते, आणि मुख्य म्हणजे आतला शॉर्ट झाला की बाहेरचा कितीही चांगला असून उपयोग नाही. त्याची वायर काढाच. कंडेन्सर काढून टाकलात तर त्याचा स्क्रू परत लावताना लांबी बघा, कंडेन्सरच्या कानाची जाडी गेल्यामुळे तो पुढे येऊन काही अडवणार नाही ना.

इथे एका जागी थांबा, कारण घरी काम करणाऱ्यांच्या गाड्या इथेच अडकतात. पॉइंटची पत्र्याची स्प्रिंग ज्या छोट्या खांबावर कसलेली असते, तिथे वायरीचा थिंबळ, कंडेन्सरचा थिंबळ आणि स्प्रिंग ही तिन्ही एकमेकांना चिकटलेली हवीत, पण खांबाला, नटला आणि प्लेटला कुठेही लागता कामा नयेत. मध्ये फायबरचे वॉशर असतात, एकाला टोपीसारखी बारीक कड असते, ती कड थिंबळाच्या भोकात जाते. कंडेन्सरचा थिंबळ कमी झाल्यावर सगळं पुन्हा कसताना एक वॉशर उलटा बसला किंवा खाली पडला की पॉइंट कायमचे बॉडीला लागतात आणि ठिणगी शून्य. खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडा. कसून झाल्यावर पॉइंटच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून मीटरने स्प्रिंग आणि बॉडी यांच्यात शॉर्ट नाही ना बघा. हे मोजताना पॉइंटची वायर कॉइलकडून सुटलेली असू द्या, नाहीतर मीटर कॉइलचा रेझिस्टन्स दाखवून गोंधळ घालेल.

झाकण उघडंच आहे तर पॉइंटही बघून घ्या. एका टोकावर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ असेल तर घासत बसू नका, नवे घ्या. नुसते काळे असतील तर बारीक पॉलिश पेपर, मग पेट्रोलने पुसून कोरड्या कागदाची पट्टी ओढून काढा, तेलाचा अंश राहता कामा नये. गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर, फिलर गेजने. काडेपेटीचा पुठ्ठा घालून गॅप धरणारे मिस्त्री आहेत, त्यांचा हात बसलेला असतो, आपला नसतो. कॅमवर पॉइंटची जी फायबरची टाच घासते तिथे ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच. कोरडी टाच भराभर झिजते, गॅप मिटत जाते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं आणि मागे पडलेल्या टायमिंगवर इंजिन आणखी तापतं. नव्या पॉइंटची टाच पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बसते, तेव्हा गॅप पुन्हा बघावीच लागते.

गॅप बदलली म्हणजे टायमिंग हललं. 350 ला अ‍ॅडव्हान्स युनिट (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारं) पूर्ण मिटलेलं असताना पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 मिलिमीटर आधी असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. उघडल्याचा क्षण बल्बने पकडा: बल्बचं एक टोक पॉइंटच्या वायरीला, दुसरं बॉडीला, चावी चालू. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद, उघडले की पेटतो. काम झालं की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेल्या जागी गाडी उभी आणि चावी चालू, अशा अवस्थेत कॉइलमधून तीन-चार अँपिअर नुसते वाहत राहतात आणि कॉइल भाजून निघते.

बसवून झाल्यावर संध्याकाळी अंधारात, पॉइंटचं झाकण काढून गाडी आयडलिंगला ठेवा. पॉइंटच्या मध्ये निळा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला किंवा काहीच दिसलं नाही तर काम फत्ते. जाड पिवळी ठिणगी दिसली तर कंडेन्सर जोडलाच गेलेला नाही. दहातल्या नऊ वेळा बॉडीची अर्थ.

तरीही मरत असेल तर

कॉइल. गाडी मेल्यावर ती हात लावून बघा. कोमट असणं ठीक, हात ठेवता येत नसेल तर गडबड आहे. दोन बारीक टर्मिनलांमधला रेझिस्टन्स मोजा. बारा व्होल्टच्या पॉइंटवाल्या कॉइलचा तो साधारण 3 ते 4 ओहम असतो. दीड ओहमच्या आसपास दिसला तर कुणीतरी सहा व्होल्टची कॉइल बसवलीय, ती बारा व्होल्टवर तापणारच. एक ओहमच्याही खाली दिसला तर ती सीडीआय, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी असलेल्या, गाडीची कॉइल आहे. दुकानदार "फिटिंग सेम आहे" म्हणून देतो आणि फिटिंग खरोखर सेम असतं, पण तिच्यावर पॉइंट आणि कॉइल दोन्ही जळतात. तापलेली असताना आणि थंड असताना अशी दोनदा मोजा. तापल्यावर थोडा वाढणं नैसर्गिक, मीटरने एकदम तुटलेलं दाखवलं तर कॉइल बदला.

ठिणगी निळी आहे आणि तरी सुरू होत नाही, तर पेट्रोल. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, झाकण लावलेलं असताना. सलग धार हवी. गाडी तापलेली असताना पेट्रोल सांडू नका. पाइपच्या मध्ये पारदर्शक कागदी फिल्टर बसवायची फॅशन आहे. तो पंपाने ढकलल्या जाणाऱ्या पेट्रोलसाठी असतो, इथे पेट्रोल नुसतं उतारावर येतंय, फिल्टरमध्ये हवा अडकते आणि धार तुटते. कॉकची जाळी साफ ठेवली तर त्याची गरज नाही, काढून टाका. पाइप सिलिंडरला टेकत असेल तर वळवून घ्या. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मध्ये उष्णता अडवणारं जाड पॅकिंग असतं, तिथे कुणी साधा कागद लावला असेल तर हेडची धग थेट फ्लोटमधल्या (कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या) पेट्रोलला लागते.

2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, त्याने जुन्या गाड्यांना दोन गोष्टींचा त्रास होतो. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंगा फुगतात, मऊ पडतात, आतून सोलतात आणि त्याचा चुरा जेटमध्ये बसतो. शिवाय त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पातळ मिश्रणावर गाडी जास्त तापते. पाइप नव्या पेट्रोलला चालणारा घ्या. प्लग पांढराफटक निघत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावून बघा, एकदम दोन-तीन नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटचं पेट्रोल काढून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी बसतं.

ठिणगीही आहे, पेट्रोलही आहे, पण किक नेहमीपेक्षा हलकी जातेय? मग कंप्रेशन. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट जिथे धरतात ते) घट्ट असतील तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंड इंजिनवर, कंप्रेशनला पिस्टन वर असताना, उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण काढून पुशरॉड बोटांनी फिरवा. सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली खुळखुळता कामा नये. हे करायच्या आधी डिकंप्रेसरची केबल बघा, तिला किंचित सैलपणा हवा. ती ओढलेली राहिली की त्याचा छोटा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, आणि अशा गाडीला टॅपेट कितीही सेट करा, फरक पडत नाही.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवू का, हा प्रश्न येतोच. पॉइंटची कटकट कायमची जाते हे खरं. पण ते किट तुम्ही त्याच तापत्या डब्यात बसवणार आहात, आणि ते गेलं की रस्त्यात दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. आठवड्याला शहरात फिरवायची गाडी असेल तर बसवा. कोकणात, घाटात लांब जाणारी असेल तर मी पॉइंटच ठेवीन. किट बसवलंत तर बाहेर लावलेला कंडेन्सर कॉइलवरून काढायला विसरू नका, बहुतेक किटना तो लागत नाही आणि काहींना चालतही नाही. काढलेली पॉइंट प्लेट, कंडेन्सर आणि फायबरचे वॉशर एका पिशवीत घालून टूलबॉक्समध्येच ठेवा.